टायमिंग बेल्ट बदलताय ना, मग सील पण बदला : जुन्या ओम्नीवाल्यांसाठी

टायमिंग बेल्ट बदलायला गाडी गॅरेजला लावली आणि मिस्त्री म्हणाला "सील चांगलंय साहेब, राहू द्या", तर तिथेच त्याला थांबवा. एवढंच सांगायचंय खरं तर, पण का ते सांगायला जरा लांबण लागेल, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच गॅरेजला जायला हरकत नाही.

आमचा मंडप-लाइट-साउंडचा छोटा धंदा आहे, कळव्यात खारेगावला. भाऊ ऑर्डरी बघतो आणि गाड्यांचं खातं माझ्याकडे. दोन ओम्नी आहेत, एक जुनी कार्बोरेटरवाली आणि एक नंतरची एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवाली), दोन्ही एमएच ०४. दोन्हींच्या खाली कधी ना कधी पुठ्ठा अंथरावा लागलाय, आई तर म्हणते की या घरात फोडणीला लागतं त्याच्यापेक्षा जास्त तेल तुमच्या गाड्यांना लागतं. तिचं काही चुकीचं नाही.

ओम्नी का ठेवली असं सगळे विचारतात. अहो काय ठेवली म्हणजे, १९८४ ला मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ ला तिचं नाव ओम्नी झालं आणि थेट २०१९ पर्यंत बनत होती. ३५ वर्षं! इंजिन तेच, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं एफ८बी, जे मारुती ८०० मध्ये होतं. त्यामुळे पार्ट कुठेही मिळतो आणि पन्नाशीच्या पुढचा कुठलाही मिस्त्री ते इंजिन डोळे झाकून खोलतो. सरकते दरवाजे, मागे सपाट जागा, कोपरीच्या गल्लीत पण वळते. आता १५ वर्षं झाली की परत पासिंग करा, ग्रीन टॅक्स भरा, नवीन नंबर प्लेट लावा, एवढं सगळं करून जो माणूस ओम्नी ठेवतो त्याला ती अजून पाच वर्षं तरी चालवायचीच असते. तर मग इंजिनाच्या पुढच्या बाजूचं हे काम नीट करून घ्यायला काय हरकत आहे.

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा शाफ्ट) पुली आणि वरच्या कॅमची (वाल म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) पुली यांना जोडणारा दातेवाला रबरी पट्टा. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरला पाहिजे, म्हणून वरच्या पुलीला खालच्याच्या दुप्पट दाते असतात. वाल कधी उघडायचे कधी मिटायचे हे सगळं त्या पट्ट्यावर. तो तुटला की गाडी जागच्या जागी बंद, सेल्फ मारला तर इंजिन हलकं हलकं फिरल्यासारखं वाटतं आणि काहीच धरत नाही. काही इंजिनांमध्ये पिस्टन आणि वालमध्ये जागा राहते तिथे नवीन बेल्ट टाकून सुटका होते, काहींमध्ये पिस्टन थेट उघड्या वालला जाऊन आदळतो आणि मग हेड उतरवायचं, वाल बदलायचे, पॅकिंग, लेथ, सगळंच. डिझेलला तर कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे वर जागाच ठेवलेली नसते, तिथे बेल्ट तुटला की बहुतेक वेळा खर्च पक्का.

आणि सील म्हणजे काय तर क्रँक आणि कॅम हे दोन्ही शाफ्ट जिथे इंजिनातून बाहेर डोकावतात तिथे बसवलेली रबरी रिंग. बाहेरून पत्र्याचं कडं, आत रबराची पातळ ओठासारखी कड आणि त्या कडेच्या मागे एक बारीक गोल स्प्रिंग, ती कड शाफ्टला चिकटवून ठेवायला. मिनिटाला हजारो वेळा शाफ्ट त्या कडेवर घासत फिरतो आणि तरी तेल बाहेर येत नाही, इतका साधा पार्ट आणि इतकं काम! पण रबर ते रबर. गरम होऊन होऊन कडक पडतं, कडेला बारीक चिरा पडतात, स्प्रिंग ढिली होते, आणि एक दिवस तेल पाझरायला लागतं.

आता गंमत बघा, क्रँकचं पुढचं सील बेल्टच्या खालच्या पुलीच्या बरोब्बर मागे आणि कॅमचं सील वरच्या पुलीच्या बरोब्बर मागे. म्हणजे सील गळलं की पहिला थेंब बेल्टच्याच घरात पडतो. बेल्टच्या आत काचेच्या धाग्यांची दोरी असते, वरून रबर, दातांवर नायलॉनचं कापड. इंजिन ऑइल रबराला फुगवतं, मऊ करतं, दात मुळापासून सुटायला लागतात. बाहेरून बेल्ट नवाकोरा दिसतो आणि दात चार महिन्यांत हातात येतात. म्हणून मी म्हणतो की बेल्ट आणि सील ही दोन कामं नाहीतच, एकच काम आहे. सील दोन-तीनशेच्या आत येतं, पण तिथपर्यंत पोचायची मजुरी तीच जी बेल्टची. सील सोडून नुसता बेल्ट टाकला आणि नंतर सील गळलं तर परत सगळं उघडा आणि तेल लागलेला तो नवीन बेल्ट पण फेका, कारण तेल प्यायलेला बेल्ट पुसून परत वापरायचा नसतो, कोणी काहीही सांगो.

मग मिस्त्री टाळाटाळ का करतो? त्याचं कारण आहे. बेल्ट काढायला बाहेरची पुली आणि कव्हर काढलं की भागतं, पण सीलपर्यंत जायला बऱ्याच इंजिनांत क्रँकचा मधला मोठा बोल्ट सोडून दातेरी पुली पण काढावी लागते. आणि तो बोल्ट वर्षानुवर्षं न उघडलेला, असा आवळून बसलेला असतो की पाना वाकेल पण तो हलणार नाही. इंजिन फिरू नये म्हणून फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) अडकवायचं, लांब पाइप लावायचा, खाली झोपून जोर काढायचा. काही जण पाना चासिसला टेकवून सेल्फ मारतात, एका झटक्यात बोल्ट सुटतो खरा पण पाना सटकला तर कुठे जाईल याचा नेम नाही, माझ्या समोर तरी मी हे करू देत नाही. आमचे गॅरेजवाले काका फ्लायव्हीलला लोखंडी पट्टी अडकवून करतात, वेळ लागतो पण शांतपणे होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे बाळा, गिऱ्हाईक बेल्टचे पैसे देतं, या बोल्टचे कोण देतो?" बरोबर आहे त्यांचं. म्हणून आधीच बोलून घ्यायचं, काका बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), दोन्ही पुढची सीलं, मजुरी जी होईल ती एकत्र सांगा. तोंडी ठरलं की पुढे कटकट नाही.

किती किलोमीटरला करायचं हा प्रश्न. गाडीसोबत आलेल्या कंपनीच्या पुस्तकात तुमच्या इंजिनाला जो आकडा दिलाय तो आहेच, पण ठाणे-नवी मुंबईत चालणाऱ्या व्हॅनसाठी किलोमीटर हा मला तरी फसवा हिशोब वाटतो. समजा बेल्टचा आकडा ६०,००० किलोमीटर धरला. ताशी ४५ च्या सरासरीने गाडी चालली तर ते १,३३३ तास होतात. आता तीच गाडी घोडबंदर रोडला गायमुखच्या बाजूला, नाहीतर संध्याकाळी कळवा नाक्यावर, ताशी १५ च्या सरासरीने चालवा, ते होतात ४,००० तास. तिप्पट! किलोमीटर तेवढेच. नुसती उभी राहून इंजिन चालू असलं, आयडलला मिनिटाला ८५० फेरे धरा, तरी तासाला क्रँक ५१,००० फेरे मारतो आणि मीटरवर शून्य. ऐरोलीचा छोट्या गाड्यांचा टोल गेला २०२४ ला, गर्दी काही गेली नाही. शाळेची व्हॅन, भाजीची व्हॅन, आमच्यासारखी जनरेटरच्या बाजूला माल उतरवत चालू ठेवलेली व्हॅन, या सगळ्यांचं इंजिन मीटरपेक्षा कितीतरी म्हातारं असतं. वर ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, वारा लागणार कुठून. मांडी भाजते आपली, तर रबराचं काय होत असेल विचार करा.

त्यामुळे मी किलोमीटर आणि वर्षं दोन्ही बघतो, जे आधी येईल ते, आणि पुस्तकातल्या आकड्याच्या बरंच आधी करून घेतो. गाडी कमी चालते म्हणून बेल्ट चांगला असतो असं पण नाही, सोसायटीत महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीचं रबर पण वाळतंच. आणि सेकंडहँड घेतली असेल आणि आधीच्या मालकाने कधी बदलला याचा कागद नसेल तर सरळ धरून चाला की बदललेला नाही. "गेल्याच वर्षी टाकलाय" हे वाक्य गाडी विकणारा प्रत्येक माणूस बोलतो.

आता गळती नेमकी कुठली हे शोधायचं, कारण खाली तेल दिसलं म्हणून लगेच क्रँक सील गेलं असं नाही. तेल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथून ते आलेलं नसतं. या इंजिनांना नेहमीचे संशयित म्हणजे टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच (हा तर फार बदमाश, छोटासा असतो आणि पूर्ण बाजू काळी करतो), कार्बोरेटरवाल्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची ओ-रिंग, आणि चेंबरचं (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं ती टाकी) पॅकिंग. यातलं बरंचसं तासाभरात आणि थोडक्या पैशात होणारं आहे. तर आधी इंजिन नीट धुवून पुसून कोरडं करायचं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारायची, एक फेरी मारून यायचं आणि टॉर्च घेऊन बघायचं पावडर कुठे ओली झाली. आम्ही खारेगाव ते विटावा आणि परत एवढी फेरी मारतो, तेवढी पुरते. बेल्टच्या कव्हरच्या खालच्या कडेने तेल येत असेल तर पुढचं सील, कव्हर वरपासून तेलकट असेल तर कॅमचं. गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या जोडावरून थेंब पडत असेल तर क्रँकचं मागचं सील नाहीतर गिअरबॉक्सचं, ते वासावरून कळतं, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा नाकात गेला की विसरत नाही.

याच्या पुढची गोष्ट बरेच मिस्त्री बघत नाहीत आणि ती सगळ्यात महत्त्वाची. सील गळलं ते म्हातारं झालं म्हणून, की आतून कोणी ढकलतंय म्हणून? पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये येतो, तो परत इनटेककडे ओढून घ्यायला पीसीव्ही वाल आणि एक रबरी पाइप असतो. तो वाल काजळीने चोंदला किंवा पाइप आतून चिकटला की चेंबरमध्ये प्रेशर वाढतं आणि ते प्रेशर बाहेर पडायला सगळ्यात कमजोर जागा शोधतं, म्हणजे सील. मग तुम्ही नवीन सील टाका, महागातलं टाका, थोड्या दिवसांत परत ओलं. इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं झाकण हळूच उघडून बघा, भसाभसा धूर येत असेल, झाकण वर उडत असेल तर आधी तो वाल आणि पाइप साफ करा किंवा बदला, काही फार महाग नाही. ते करून पण धूर तसाच असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या, रिंगा गेल्या असतील तर सीलवर पैसे घालण्याआधी इंजिनाचा विचार करावा लागेल. आमच्या ओळखीतल्या एका शाळेच्या व्हॅनवाल्याने सील परत परत बदलली, प्रत्येक वेळी सीलच्या कंपनीला शिव्या घातल्या, आणि शेवटी निघाला तो वीतभर चिकटलेला पाइप.

पार्ट घेताना. ठाण्यात मिळतात, नवी मुंबईत तुर्भ्याच्या बाजूला मिळतात, आणि कुर्ल्याला सीएसटी रोडला तर मिळणार नाही असं काहीच नाही, पण तिथे डुप्लिकेट पण तितक्याच सहज मिळतो आणि बॉक्स तर असला छापतात की ओरिजिनलवाला पण फसेल. माझं साधं तत्त्व, सील आणि बेल्ट यात पैसे वाचवायचे नाहीत, ते वायपर आणि सीटकव्हरमध्ये वाचवा. जुना बेल्ट हातात घेऊन जायचं, दात मोजायचे, रुंदी बघायची, दातांचा आकार शेजारी लावून बघायचा, बॉक्सवरच्या नंबरावर एकट्यावर विश्वास नको. कार्बोरेटर की एमपीएफआय आणि गाडीचं वर्ष दुकानदाराला आधीच सांगायचं. बेल्टवर बनवल्याची तारीख शोधायची, दुकानात धूळ खात पडलेला जुना स्टॉक कशाला घ्या. आणि बेल्ट घरी आणताना दुमडून खिशात घालू नका, उलटा पिरगाळू नका, आतली काचेची दोरी तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

सीलमध्ये रबराचे प्रकार असतात. नायट्राइल हे नेहमीचं, साधारण १०० डिग्रीच्या आसपास त्याची मर्यादा. फ्लोरो रबर, ज्याला बाजारात व्हिटॉन म्हणतात, ते २०० डिग्रीपर्यंत टिकतं, थोडं महाग. सीटखाली शिजणाऱ्या इंजिनाला मी मिळालं तर व्हिटॉनच घेतो. रंगावरून ओळखायला जाऊ नका, पाकिटावर वाचा.

आता प्रत्यक्ष काम. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, सीट उचलायची, फॅनबेल्ट काढायचा, अर्धं वरून अर्धं खालून असं ओम्नीचं काम चालतं, बारीक हाताचा पोऱ्या असला की काकांना बरं पडतं. कव्हर काढल्यावर बेल्ट सोडायच्या आधी खुणा मिळवायच्या, कॅमच्या पुलीवरची खूण मागच्या कव्हरच्या खाचेसमोर, क्रँकची खूण ऑइल पंपावरच्या खुणेसमोर. आजकाल मोबाइल आहे, फोटो काढून ठेवायचा, काका हसतात पण दुपारी जेवून आल्यावर तेच म्हणतात दाखव रे फोटो.

जुनं सील काढताना सगळी कला आहे. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला गेलं आणि टोक शाफ्टवर ओरखडलं की संपलं, तो ओरखडा नवीन सीलची कड खाणार. काका टोक गोल घासलेली एक वाकडी सळई वापरतात आणि टेकू बाहेरच्या बाजूला घेतात, शाफ्टवर नाही. सील निघालं की शाफ्ट पुसायचा आणि जिथे कड घासत होती तिथे नख फिरवायचं. नख अडकलं तर तिथे चर पडलाय. लोखंडाला रबराने चर पाडलाय, हो, होतं असं, रबरात अडकलेली धूळ आणि काजळी हळूहळू लोखंड घासते, आणि तुर्भ्याच्या, पारसिकच्या बाजूला खाणींची धूळ खाल्लेल्या गाड्यांना जरा जास्तच. त्या चरावरच नवीन सीलची कड बसली तर ते पहिल्या दिवसापासून ओलं राहणार. उपाय दोन, जागा असेल तर नवीन सील जुन्यापेक्षा मिलिमीटरभर पुढे-मागे बसवायचं म्हणजे कड कोऱ्या जागेवर येते, किंवा शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची. नवीन क्रँक टाकायला सांगणारा भेटला तर दुसऱ्या गॅरेजला विचारा.

बसवताना सीलची कड इंजिन ऑइलने ओली करायची, कोरडी बसवली तर पहिल्या सेल्फलाच करपते (टेफ्लॉनची सीलं असतात ती मात्र कोरडीच बसवतात, पाकिटावर लिहिलेलं असतं). स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. मग सीलच्या बाहेरच्या कड्याएवढ्या मापाचा पाइपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट ठेवून हळूहळू सगळीकडून सारखं ठोकायचं. एका बाजूने हातोडी मारत गेलं की सील तिरकं बसतं, नाहीतर आतली स्प्रिंग उडून पडते आणि कोणाच्या लक्षात पण येत नाही. या इंजिनाला पुढचं क्रँक सील ऑइल पंपाच्या बॉडीत बसतं, त्यामुळे त्या बॉडीच्या जोडावरून पण तेल येतंय का ते तेव्हाच बघून घ्यायचं, येत असेल तर पंपाचं पॅकिंग पण आत्ताच, पुन्हा कोण उघडणार.

टेन्शनर नवीनच. त्याचं बेरिंग हाताने फिरवून बघितलं, आवाज नाही आला म्हणजे चांगलं असं काही नसतं, नवीन बेल्टचं सगळं आयुष्य त्याला अजून काढायचंय. स्प्रिंग पण ताणून लांब झालेली असेल तर बदला. बेल्ट चढवला, स्प्रिंगला ताण देऊ दिला, की क्रँक पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा, सेल्फने नाही, हाताने, आणि चालतो त्याच दिशेने. दोन फेऱ्यांनी खुणा परत समोरासमोर आल्या पाहिजेत. नाही आल्या तर एखादा दात सरकलाय, परत काढा. मधेच कुठे घट्ट अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, वाल पिस्टनला टेकत असू शकतो. एक दात चुकला तरी गाडी चालू होते, ही खरी अडचण आहे, चालू होते पण पिकअप नाही, आयडल हलतं, पेट्रोल खाते, आणि मग लोक कार्बोरेटर खोलत बसतात. सगळं जमलं की टेन्शनरचे बोल्ट आवळायचे आणि क्रँकचा मोठा बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तकातल्या आकड्याला. "हाताला अंदाज आहे" वाल्या मिस्त्रीला नम्रपणे रेंच पुढे करायचा. हा बोल्ट ढिला राहिला तर पुली चावीवर (पुलीला शाफ्टवर अडकवणारी लोखंडी खुंटी) खेळायला लागते आणि क्रँकचं तोंडच खराब होतं.

आणि ते प्लास्टिकचं कव्हर परत लावून घ्या हो! अर्ध्या ओम्नी बिनकव्हरच्या फिरतात, क्लिप तुटली, बोल्ट हरवला, "काही फरक पडत नाही साहेब". जुलैत विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून एकदा गाडी काढा मग कळेल काय फरक पडतो. चिखलपाणी, खडी, सगळं थेट बेल्टवर.

मागच्या सीलचं वेगळं आहे. ते गिअरबॉक्स आणि क्लचच्या मागे लपलेलं, म्हणजे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसत पण नाही. थोडं ओलं असेल तर मी लगेच त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवत नाही, क्लच प्लेटची वेळ आली की तेव्हा ते करायचंच, अजिबात सोडायचं नाही. पण तेल क्लच प्लेटवर गेलं आणि चढावर क्लच घसरायला लागला, तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही, प्लेट आणि सील दोन्ही एकदम.

स्टॉप लीकच्या बाटल्यांबद्दल लोक विचारतात. त्यात रबर मऊ करून फुगवणारं रसायन असतं, कडक पडलेलं सील थोडे दिवस ओठ मिटतं. चिरलेल्याला काही होत नाही. गाडी विकणाऱ्यांच्या कामाची वस्तू आहे ती, ठेवणाऱ्यांच्या नाही. जाड ऑइल टाकून गळती कमी करणारे पण आहेत, गळती हळू होते एवढंच, सकाळी थंड इंजिनाला ते जाड तेल वर चढायला वेळ लागतो त्याचं काय.

ओम्नी नसेल, दुसरी व्हॅन असेल तर आधी बेल्ट आहे की चेन ते पक्कं करा. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून आलेलं, त्याला चेन, तिथे बेल्टची भानगड नाही पण सीलं आहेतच. २०२२ च्या शेवटापासूनच्या मारुती ईकोत के सीरिजचं इंजिन आहे, त्याला पण चेन. टाटा व्हेंचरमध्ये इंडिकाचं १.४ डिझेल, तिथे बेल्ट, आणि तो बेल्ट डिझेलचा पंप पण फिरवतो, त्यामुळे तिथे खुणा अजून एका जागी मिळवाव्या लागतात आणि चूक महागात जाते. तिथे ज्याने ते इंजिन आधी केलंय अशाच माणसाकडे जा.

खर्चाचं म्हणाल तर ओम्नीचं हे सगळं मिळून, चांगले पार्ट धरून, एका ऑर्डरच्या भाड्यात भागतं. गणपतीत किंवा लग्नसराईत गाडी भरल्या मालासकट शिळफाट्याला बंद पडली तर टोइंग, दुसरी गाडी, आणि वर पार्टीचे फोन, याचा हिशोब तुम्हीच करा. आम्ही हे काम पितृपक्षात काढतो, तेव्हा ऑर्डरी नसतात आणि काकांकडे पण गर्दी कमी असते, आरामात दोन दिवस गाडी ठेवता येते. काम झालं की टॅपेट कव्हरवर पांढऱ्या पेंटने तारीख आणि किलोमीटर लिहून टाकतो, बिलं हरवतात, ते हरवत नाही.

कार्बोरेटरवालीचं पुढचं काम झालंय, कोरडी आहे. एमपीएफआयवालीचं मागचं सील जरा ओलं दिसतंय आणि क्लच पण वर आलाय (म्हणजे प्लेट झिजत आलीय), त्यामुळे यंदा तिचा गिअरबॉक्स उतरणार, तोपर्यंत दर सोमवारी डिपस्टिक बघायची आणि कमी असेल तर टॉप अप. कोणाकडे त्या सीलचा व्हिटॉनमधला चांगला ब्रँड वापरून झाला असेल तर खाली सांगा.